फोनचे गुणपत्रक तपासताना

गेल्या उन्हाळ्यात औंधच्या एका शाळेत आमचे जाणे झाले. गावकऱ्यांच्या लोकवर्गणीतून शाळेसाठी दोन स्मार्टफोन घ्यायचे ठरले होते. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड उघडणे, प्रयोगांच्या चित्रफिती दाखवणे, मुलांच्या कामाचे फोटो ठेवणे, एवढाच त्यांचा उपयोग. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर एका पुरवणीतले कात्रण पडले होते. त्यात सहा फोनांचे कोष्टक होते आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचे गुण. "सर, याला साडेसात लाख आहेत, त्याला पाच लाख. मग प्रश्नच कुठे राहतो?" असे एक बाई म्हणाल्या.

साडेसात लाख म्हणजे साडेसात लाख काय, असे आम्ही विचारले, तेव्हा कोणालाच सांगता येईना. त्या कोष्टकावरून आम्हांलाही ते सांगता आले नसते. उत्तराला एकक लिहिले नाही, तर आठवीच्या मुलाचा आपण अर्धा गुण कापतो. छापील कोष्टकाला मात्र आपण सूट देतो. अशी कोष्टके हल्ली सर्वत्र दिसतात आणि त्यांच्या भरवशावर पैसे खर्च होतात. म्हणून ती तपासायला हवीत.

हे गुण येतात कोठून? एक ठरावीक प्रोग्राम फोनला काही कामे देतो. फाइल आवळून लहान करणे, नकाशात वाट शोधणे, फोटोवर प्रक्रिया करणे, अशी ती कामे असतात. त्यांना लागलेला वेळ एखाद्या ठरावीक यंत्राशी ताडून पाहतात. २०२३ साली आलेल्या गीकबेंच ६ या प्रोग्रामात इंटेलच्या कोअर आय७-१२७०० या प्रोसेसरच्या संगणकाला २५०० गुण मानले आहेत. त्याच्या आधीच्या पाचव्या आवृत्तीत कोअर आय३-८१०० ला १००० मानले होते. म्हणजे हे गुण सापेक्ष घनतेसारखे आहेत. सापेक्ष घनतेलाही एकक नसते, पण ती पाण्याच्या तुलनेत काढलेली आहे हे आपण मुलांना सांगतो. पाचव्या आवृत्तीचे गुण सहाव्या आवृत्तीच्या गुणांशेजारी मांडणे म्हणजे एका पदार्थाची तुलना पाण्याशी, दुसऱ्याची पाऱ्याशी करून दोन्ही आकडे एका रांगेत लिहिणे होय. कात्रणात प्रोग्रामचे नाव नव्हते, मग आवृत्तीची गोष्ट दूरच.

लाखांच्या घरातले गुण बहुधा अंतुतु या प्रोग्रामचे असतात. त्यात प्रोसेसर, चित्रे रेखाटणारा भाग, स्मृती आणि वापरातली सफाई, अशा चार विषयांचे गुण एकत्र मिळवलेले असतात. एकूण गुणांवरून मुलाचे गणित कसे आहे ते कळत नाही, हे शिक्षकांना निराळे सांगायला नको. एखादा फोन केवळ खेळांची चित्रे झरझर रेखाटतो म्हणून वर चढलेला असू शकतो. शाळेला त्या गुणाचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पूर्वी दिपोटीसाहेब तपासणीला यायचे कळले की शाळा सारवली जाई, तक्ते टांगले जात, हुशार मुले पुढच्या रांगेत बसत. फोनांच्या बाबतीत हेच घडल्याचे एकदा नव्हे, अनेकदा उघड झाले आहे. २०१३ साली सॅमसंगच्या गॅलक्सी एस ४ च्या एका प्रकारात असे आढळले, की काही ठरावीक कसोटी प्रोग्राम सुरू होताच चित्रांचा प्रोसेसर सुमारे ५३० मेगाहर्ट्‌झवर धावे. एरवी खेळांसाठी मर्यादा ४८० ची होती. आतल्या प्रणालीत 'बेंचमार्क बूस्टर' अशी अक्षरेही सापडली! कंपनीने आरोप नाकारला. पुढे अमेरिकेतला यासंबंधीचा दावा २०१९ मध्ये तडजोडीने मिटला.

२०१८ चे प्रकरण तर वर्गात सांगण्याजोगे आहे. थ्रीडीमार्क या कसोटीच्या कर्त्यांनी तोच प्रोग्राम, तीच कामे, पण फोनला ओळखता येणार नाही अशी खाजगी प्रत तयार केली. हुवावेच्या काही फोनांना नेहमीच्या प्रतीत ४७ टक्क्यांपर्यंत जास्त गुण मिळत होते. त्या फोनांची नावे यादीतून काढण्यात आली. एकच घटक बदला, बाकी सारे तसेच ठेवा, हे प्रयोगाचे सूत्र आपण शिकवतो. येथे बदललेला घटक होता फक्त ओळख. २०२२ च्या मार्चमध्ये याच्या उलट प्रकार निघाला. सॅमसंगची एक सेवा हजारो ॲपना लगाम घालत असे, पण कसोटी प्रोग्रामांना मोकळे सोडी. गीकबेंचने त्या कंपनीच्या चार पिढ्यांचे गॅलक्सी एस फोन यादीबाहेर काढले.

कोणी लबाडी केली नाही असे धरले, तरी अडचण उरतेच. औंधचे नाव सूर्यनमस्काराशी जोडलेले आहे. येथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले आणि १९३८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पहिला नमस्कार कोणीही झोकात घालतो. दमसास कळतो पन्नासाव्याला. फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसरची उष्णता पाठीमागच्या पत्र्यातून किंवा काचेतून हळूहळू बाहेर पडते. ती साठली की यंत्र स्वतःच प्रोसेसरची कंप्रता उतरवते आणि काम मंदावते. कसोटी काही मिनिटांत संपते, शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. शिवाय ॲपलने आपल्या फोनच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. चैत्र-वैशाखात खटाव तालुक्यात भरदुपारी ३५ ची मर्यादा ओलांडली जाणे नवलाचे नाही. पत्र्याच्या छपराच्या वर्गात काय होत असेल? थंड खोलीत काढलेला आकडा तेथे कितपत लागू पडेल?

वयाचाही प्रश्न आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त विद्युतधारा मागितली की व्होल्टता घसरते आणि फोन बंद पडतो. ते टाळण्यासाठी ॲपलने २०१७ च्या जानेवारीतल्या सुधारणेपासून जुन्या बॅटरीच्या काही आयफोनांची गती आवरती ठेवली. गिऱ्हाइकांना नीट सांगितले डिसेंबरात, तेही बोभाटा झाल्यावर. मग अमेरिकेत बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणावी लागली. दहावीच्या वर्गात अंतर्गत रोधाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. कोष्टकातला फोन मात्र नेहमी नवाकोरा असतो, आणि शाळेला तो चार-पाच वर्षे वापरायचा असतो.

या गुणांना काहीच अर्थ नाही असे आम्ही म्हणत नाही. एकाच कसोटीच्या एकाच आवृत्तीत एका फोनला दुसऱ्याच्या तिप्पट गुण असतील, तर त्यातून काही कळते. दहा टक्क्यांच्या फरकावरून क्रमांक लावणे मात्र व्यर्थ आहे. समजा, एखादा पाठ उघडायला १० सेकंद लागतात आणि त्यांतले ८ नेटवर्कची वाट पाहण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तरी वाचते ती १ सेकंद. 'दुप्पट वेगवान' हे शब्द छापताना ही वजाबाकी कोणी करीत नाही.

मग आमच्या यजमानांनी काय करावे? आम्ही एवढेच सुचवले, की दुकानदाराची परवानगी काढून दोन्ही फोन घ्यावेत. पडद्याचा उजेड सारखा, बॅटरी सारखी भरलेली, विमान-स्थिती चालू. शाळेतलीच एक मोठी फाइल आणि एक चित्रफीत दोन्हींत भरावी. फाइल उघडायला लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. मग अर्धा तास चित्रफीत चालवून तीच फाइल पुन्हा उघडावी. दर वेळी पाच वाचने घ्यावीत, एकावर विसंबू नये. शक्य झाले तर उन्हाच्या वेळी हेच करावे. सहाव्या फोनपर्यंत जायची गरजच नाही, कारण वर्गणीच्या रकमेत मुळात दोनच बसतात.

हे लिहीपर्यंत खरेदी झालेली नव्हती. ते कात्रण बाईंनी नववीच्या फलकावर लावले आहे. खाली खडूने प्रश्न लिहिला आहे: 'या कोष्टकात काय काय दिलेले नाही?' मुलांनी पहिल्याच दिवशी सात गोष्टी काढल्या. त्यांतली 'मोजले कोणी?' ही आमच्या यादीत नव्हती.