ऐकू येणारी परवानगी
सामाजिक न्यायाच्या चळवळींनी पॉडकास्टचे माध्यम स्वीकारले, या घटनेची चर्चा बहुधा ‘दबलेल्यांना आवाज मिळाला’ या सूत्रापाशी थांबते. तो आवाज कोणाच्या अनुमतीने मिळतो आणि ऐकणारा कोठे उभा असतो, हे प्रश्न त्या सूत्राखाली झाकले जातात. वस्तुतः ते संहितेच्या रचनेचे प्रश्न आहेत आणि म्हणूनच समीक्षेच्या कक्षेत येतात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या दोन अमेरिकी पॉडकास्टांच्या तुलनेतून हे स्पष्ट होईल. २०१४ च्या फर्ग्युसन येथील आंदोलनातून पुढे आलेले डीरे मॅकेसन यांच्या ‘पॉड सेव्ह द पीपल’मध्ये कार्यकर्ते दुर्लक्षित बातम्यांची चर्चा करतात आणि मुलाखती घेतात. येथे वक्ता प्रतिपादन करतो व श्रोत्याला नागरिक म्हणून आवाहन करतो. माध्यम नवे असले, तरी हा आकृतिबंध व्यासपीठीय वक्तृत्वाचाच आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात अर्लॉन वुड्स व अँटवान विल्यम्स या कैद्यांनी कलावंत नायजेल पूअर यांच्यासह निर्मिलेल्या ‘इअर हसल’ची रचना वेगळी आहे. तुरुंगाच्या बोलीत या शीर्षकाचा अर्थ दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे असा होतो. अरुंद कोठडीतील सहवास, एकांतकोठडीतील वर्षे हे त्याचे विषय होत. हक्कांचा युक्तिवाद क्वचितच होतो. मात्र शीर्षकच श्रोत्याला आगंतुकाचे स्थान देते. तो न्यायाधीश नाही, अनुयायीही नाही. आपल्यासाठी नसलेले बोलणे त्याच्या कानी पडते.

याहून महत्त्वाची बाब परवानगीची. प्रत्येक भाग तुरुंगाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने संमत करावा लागे, आणि लेफ्टनंट सॅम रॉबिन्सन यांची संमती त्यांच्याच आवाजात भागाच्या अखेरीस ऐकू येई. एरवी अभ्यवेक्षक संहितेबाहेर राहतो. येथे तो संहितेतील एक पात्र होतो. त्यामुळे मुक्त आवाजाचा आभास टिकत नाही. जे ऐकले ते ऐकू दिलेले होते, ही जाणीव मागे वळून साऱ्या निवेदनाला व्यापते.

वॉल्टर ऑन्ग यांनी ‘ओरॅलिटी अँड लिटरसी’मध्ये (१९८२) मांडलेल्या द्वितीय मौखिकतेच्या संकल्पनेला येथे मर्यादा पडते. त्यांच्या मते इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील उच्चारित शब्दही ऐकणाऱ्यांचा समूह घडवतो. पॉडकास्टचा श्रोता मात्र एकटा आणि आपल्या सवडीने ऐकतो. समूह ऐकण्यातून आपोआप घडत नाही. तो पुढील कृतीतून घडवावा लागतो.

अर्थात, संमतीचा तो आवाज परिचयाने निरुपद्रवी, किंबहुना लोभस होण्याचा आणि तुरुंगाच्याच उदारतेची साक्ष ठरण्याचा धोका उरतोच. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी शिक्षा कमी केल्याने वुड्स २०१८ मध्ये सुटले आणि तिसऱ्या गुन्ह्यास जन्मठेपेपर्यंत नेणाऱ्या कायद्याविरुद्धच्या मोहिमेत उतरले. आत जे सुचवता येत होते ते बाहेर मागता आले. आतील मौनाचे मोल या अंतरावरून कळते.

तेव्हा अशा संहितांचे मूल्यमापन केवळ त्यांतील भूमिकेच्या योग्यायोग्यतेवरून करणे अपुरे आहे. बोलण्यावरील बंधन ती संहिता लपवते की ऐकवते, ही कसोटी अधिक मूलगामी होय.