एका पुस्तकाचीं दोन नांवें

एकाच पुस्तकास चार वर्षांच्या अंतरानें दोन नांवें मिळालीं, तर त्यांपैकीं खरें कोणतें हा प्रश्न एरवीं ग्रंथपालाचा. चॅड फाउलर यांच्या पुस्तकाबाबत मात्र तो टीकाकारासही सोडवावा लागतो. २००५ सालीं तें प्रथम निघालें तेव्हां त्याचें नांव 'माय जॉब वेन्ट टु इंडिया', म्हणजे 'माझी नोकरी हिंदुस्थानांत गेली', असें होतें, व नोकरी वांचविण्याचे ५२ मार्ग त्यांत सांगितले होते. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून हिंदुस्थान नाहींसा झाला आणि पुस्तक 'द पॅशनेट प्रोग्रामर' या नांवानें अवतरलें. प्रोग्रामरच्या धंद्यांत नव्यानें पडणाऱ्यांस उपदेश करणाऱ्या पुस्तकांत तें आम्ही वरच्या पंक्तीस बसवूं. पण पहिलें नांव अधिक प्रामाणिक होतें, असें आमचें मत आहे.

फाउलर हे मूळचे जॅझ संगीतांतील सॅक्सोफोनवादक. पुढें ते प्रोग्रामर झाले, आणि एका मोठ्या कंपनीचें सॉफ्टवेअर-केंद्र उभारण्याकरितां बंगळूरास येऊन राहिले. अमेरिकन वाचकाच्या पोटांतला गोळा त्यांनीं असा दोन्ही बाजूंनीं पाहिलेला आहे.

ज्या वाद्यवृंदांत बसाल त्यांत सर्वांत कच्चे तुम्हीच असा, हा गिटारवादक पॅट मेथेनी यांचा सल्ला ते प्रोग्रामरांस देतात. गवयामागें तंबोरा घेऊन वर्षानुवर्षें बसणारा शिष्य ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याचें मर्म सांगावयास नको. तो नुसता सूर धरून बसत नाहीं. गुरु कोठें थांबतो, फसलेली तान सांवरून समेवर कसा येतो, हें त्याच्या कानांत मुरत असतें. जाणत्या प्रोग्रामराच्या शेजारीं बसून त्यानें दोष कसा हुडकला, कोणती ओळ लिहिली आणि कोणती खोडली, हें पाहणें त्याच जातीचें शिक्षण होय. दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रामांची डागडुजी नवशिक्यास शिक्षा वाटते. तेथें वरिष्ठांचा जाच कमी व स्वतःच्या बुद्धीस वाव अधिक, हें फाउलर यांचें म्हणणेंही आम्हांस पटलें.

पण पुढें अडचण येते. ज्या भाषांचें काम हिंदुस्थानांतील कंपन्या थोड्या पैशांत करून देतात त्यांत मोल उतरणारच, तेव्हां कमी रुळलेल्या तंत्राकडे वळा, असें ते सांगतात. अमेरिकेंत हें शहाणपणाचें होतें. हिंजवडीची बस पकडणारा आमचा तरुण मात्र हें वाचून काय करील? ज्या गर्दीपासून दूर राहावयाचें ती गर्दी म्हणजे तोच! कोणत्या तंत्रावर काम करणार, हें त्यास बहुधा कोणी विचारीत नाहीं.

'आईबापांचें ऐकूं नका' असें एक प्रकरणच पुस्तकांत आहे. वडीलधाऱ्यांचा सल्ला भीतींतून निघतो, आणि भीतीनें निवडलेली वाट फार उंच जात नाहीं, हा त्यांतला युक्तिवाद. तो निम्मा खरा आहे. परंतु जेथें थोरल्याच्या शिक्षणाचें कर्ज फिटल्यावांचून धाकटीची फी भरतां येत नाहीं, त्या घरांत भीति हें हिशेबाचेंच दुसरें नांव असतें. शिवाय हें पुस्तक जन्मलें तें भीतीच्याच पोटीं. जुनें मुखपृष्ठ तसें उघड सांगत होतें. भीति पुसून तेथें उत्कटता लिहिल्यामुळें संध्याकाळीं थकून घरीं येणारा होतकरू प्रोग्रामर स्वतःसच अपराधी समजूं लागतो. (आठ तास कसून काम करा व घरीं जा, असें सांगणारें प्रकरण आंत आहे, हें लेखकाच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.)

केवळ कोड लिहितां येणें पुरेसें नाहीं, ज्याचें काम करतां त्याचा व्यवहारही समजून घ्या, हा उपदेश सर्वांत टिकाऊ ठरला. २०२२ पासून कोड लिहून देणारीं यंत्रें कोणाच्याही हातीं येऊं लागलीं. आतां नोकरी अमुक देशांत गेली, असें म्हणण्याचीही सोय उरलेली नाहीं.

नव्या प्रोग्रामरानें पुस्तक अवश्य वाचावें. जुनी आवृत्ति मिळाल्यास तीच घ्यावी. आईबापांनींही वाचावें, निदान त्यांच्याविषयींचें प्रकरण तरी. मुलगा तें आपण होऊन त्यांस दाखवील, असा संभव कमी.