काट्यावरची हाताची खूण

‘हाताने केलेले’ हे शब्द आपण कौतुकाचे मानतो. इंग्लंडचे विख्यात घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स (१९२६-२०११) यांना मात्र त्यात दोष दिसला. त्यांचे ‘वॉचमेकिंग’ (१९८१) हे पुस्तक अभ्यासून रॉजर स्मिथ या तरुणाने स्वतः एक खिशातले घड्याळ घडवले आणि त्यांना दाखवले. ते हाताने केल्यासारखे दिसते, म्हणून गुरूंनी नापसंत केले! दुसऱ्या घड्याळावर स्मिथ यांनी सुमारे पाच वर्षे घालवली, तेव्हा कुठे ते पसंतीस उतरले.

हा निकाल न्याय्य होता काय? तो पारखायला घड्याळाचे काटे पुरेसे आहेत. ब्रेगे (१७४७-१८२३) यांनी १७८३ च्या सुमारास रूढ केलेला काटा पाहा: सडपातळ दांडी, टोकाजवळ पोकळ वर्तुळ, पुढे सुईसारखे अग्र. शोभेला शोभा आणि वेळही अचूक वाचता येते. तो हाताने करायचा तर पोलादाच्या पातळ पत्र्यातून केसासारख्या करवतीने आकार कापायचा, कानशीने कडा साधायच्या आणि आरशासारखी झिलई द्यायची. मग पितळेच्या किसावर ठेवून खालून मंद आच द्यायची. पोलाद आधी गवती पिवळे, मग तपकिरी, जांभळे आणि सुमारे ३०० अंश सेल्सियसला गर्द निळे होते. क्षणभर उशीर झाला की निळा रंग फिका पडतो. मग झिलईपासून पुन्हा सुरुवात.

डॅनियल्स यांचे म्हणणे शब्दशः घेतले, तर एक शंका उरतेच. हाताची खूणच पुसायची असेल, तर साच्यातून छापलेला काटा काय वाईट? उत्तर भिंगाखाली मिळते. छापील काटा बहुधा सपाट असतो. उत्तम हातकामाच्या काट्याला सूक्ष्म गोलाई असते, आतले कोपरे टोकदार असतात आणि आचेने आलेला निळा रंग प्रकाशाच्या कलाप्रमाणे काळा वा तेजस्वी भासतो. रंगाच्या लेपाला हे साधत नाही.

म्हणजे खुणा दोन प्रकारच्या. कानशीचा ओरखडा ही हाताची हयगय. टोकदार कोपरा ही हाताची जाण. डॅनियल्सनी पहिली नाकारली, दुसरी नव्हे. म्हणून त्यांचा निकाल कठोर असला तरी मला योग्य वाटतो. कारागिराच्या कष्टांबद्दल आदर जरूर असावा, परंतु कष्ट म्हणजे गुण नव्हे. ‘मनापासून लिहिले आहे’ एवढ्यावर कवितासंग्रहाची शिफारस करणाऱ्या आम्हा समीक्षकांनीही हे ध्यानी ठेवावे.