जुना राजवाडा नव्याने बांधता येतो का?

आज आपण सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याबद्दल बोलणार आहोत. प्रश्न मात्र आपला नेहमीचाच आहे: मोडलेली वस्तू पुन्हा उभी केली, तर ती तीच राहते का? नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? तेच आपण या राजवाड्याला विचारू.

जोसॉन घराण्याने तो १३९५ मध्ये बांधला. १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी तो जळाला आणि पावणेतीनशे वर्षं ओसाड पडला. १८६५ मध्ये गोजोंग राजाच्या वडिलांनी, म्हणजे देवॉनगुन यांनी, पुनर्बांधणी काढली. पैसा कुठून आणला? 'स्वेच्छेच्या' देणग्या वसूल केल्या. १८६६ मध्ये शंभरपट दर्शनी किमतीचं नाणं पाडलं. महागाई भडकली, ती रयतेने सोसली. म्हणजे बघा, आजची डागडुजी ज्या रूपाला प्रमाण मानते, ते रूपही पुनर्बांधणीच होतं!

पुढे जपानी राजवटीने बहुतेक इमारती हटवल्या आणि १९२६ मध्ये सिंहासनगृहाच्या ऐन समोर गव्हर्नर-जनरलची दगडी कचेरी उभी केली. ती पाडायला १९९५ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी सुरुवात झाली.

पाडण्याला आपला आक्षेप नाही. राजाचं दार अडवायलाच जी वास्तू बांधली, ती हटवावीशी वाटणं अगदी समजण्यासारखं आहे. आक्षेप आहे तो नंतरच्या नीटनेटकेपणाला. ग्वांगह्वामुन हे मुख्य द्वार १९६८ मध्ये काँक्रीटचं झालं, २०१० मध्ये पुन्हा लाकडाचं. दोन्ही वेळा शब्द एकच, 'जीर्णोद्धार'. आज तिथून आत जाणाऱ्याला वाटतं, मधे काही घडलंच नाही. इमारत परत आली, पण तिच्यावर गुदरलेला काळ पुसला गेला. आणि आपल्या मते वास्तूची ओळख तिच्या लाकडात नसते, या काळाच्या सलगपणात असते.

मग दोन्ही कसं साधायचं? उत्तर कोरियातल्याच लोकांनी देऊन ठेवलंय. त्या कचेरीचा कळस चोनान इथल्या स्वातंत्र्य-संग्रहालयाच्या आवारात आहे, जमिनीच्या पातळीखाली, खड्ड्यात. बघणाऱ्याला मान खाली घालून त्याच्याकडे पाहावं लागतं. अपमान विसरलेला नाही आणि मिरवलेलाही नाही. आपल्याला विचाराल तर, नव्याने रंगवलेल्या राजवाड्यापेक्षा हा खड्डा जास्त खरं बोलतो.