‘स्वामी’तील वाडा : स्थल, वारसा आणि स्वर

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने पुणेकर वाचकांच्या मनात जो शनिवारवाडा उभा केला, तो पुण्याचा खराच. परंतु त्याचे घरपण पुण्याचे नव्हे. मूळ वास्तूची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली आणि १८२८ च्या आगीत तिचा अंतर्भाग नष्ट झाला. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, चौथरे आणि कारंजे एवढेच काय ते उरले. तेव्हा दालनांना व देवघराला लेखकाने आपल्या अनुभवातून आकार द्यावा, हे ओघानेच आले. आणि तो अनुभव कोवाडचा होता.

ताम्रपर्णीकाठचे कोवाड चंदगड तालुक्यात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात मोडत असे. देसाई (१९२८–१९९२) तेथील जमीनदार घराण्यातले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. ‘देसाई’ हे नावच मुळी अशा वतनाचे. या घटनेच्या पाठोपाठ ‘बारी’ (१९५९) मध्ये डोंगरवाटेवरील बेरडांचे मोडते जग येते, ‘माझा गाव’ (१९६०) मध्ये मावळती इनामदारी येते आणि मग ‘स्वामी’. या क्रमाकडे समीक्षकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. माधवरावांची कथा निवडताना लेखकाने विषय बदलला नाही. केवळ वाड्याचा आकार वाढविला.

याची साक्ष कादंबरीची भाषा देते. पेशवे दफ्तरातील मराठी फारसी शब्दांनी भरलेली, लांबलचक, कामकाजी. ‘स्वामी’तील संवाद त्या मराठीत नाहीत, आणि चंदगडी बोलीत तर नाहीतच. ती आहे वाड्याची मराठी, जीत माणसाचा दर्जा क्रियापदाच्या प्रत्ययावर तोलला जातो. पतीपत्नींच्या एकांतातही आदरार्थी रूप सुटत नाही, आणि रमा-माधवांची जवळीक त्या रूपाच्या आडूनच व्यक्त होते. वतन जाते, पण आदरार्थी बहुवचन मागे राहते.

देसाई यांच्या संगीतप्रेमाची बाह्य प्रमाणे सर्वपरिचित आहेत : ‘तानसेन’ नाटक, रागाचे नाव धारण करणारी ‘अभोगी’ ही कादंबरी, जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने गाजलेले ‘हे बंध रेशमाचे’ (१९६८). परंतु त्यांचा कान खरा प्रकट होतो तो आखूड वाक्यांत आणि त्यांमधील विरामांत. गायक वादी स्वराभोवती फिरत राहतो, तसे लेखक माधवरावांच्या अटळ अंताभोवती फिरत राहतात. याची किंमतही द्यावी लागली आहे. राक्षसभुवनचा विजय (१७६३) आणि कर्नाटकच्या मोहिमा घरातील व्यथेच्या मानाने फिक्या वाटतात. शिवाय रघुनाथराव काय नि रामशास्त्री काय, मते भिन्न असली तरी एकाच गोड पट्टीत बोलतात. पात्रागणिक भाषेचा पोत बदलावा, ही अपेक्षा येथे पुरी होत नाही. हा दोष लहान मानता येणार नाही.

थेऊरला मात्र परिस्थिती निराळी आहे. तेथे चिंतामणीचे मंदिर उभे आहे, माधवरावांनी बांधविलेला लाकडी सभामंडप आहे आणि जवळूनच मुळा-मुठा वाहते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने येथेच देह ठेवला. कल्पनेने उभारलेल्या वाड्यातून बाहेर पडून कादंबरी अखेर या नदीकाठी येऊन थांबते. आणि नदीकाठचे गाव कसे असते, हे कोवाडच्या लेखकाला कोणी सांगावे लागत नव्हते.