मेस्तकें आणि फिर्यादीचा कागद

जुन्या कागदांच्या संग्राहकांत एक समजूत रूढ आहे कीं, ज्या कागदावर मिति नाहीं, नांव नाहीं व शिक्का नाहीं, तो इतिहासाच्या कामाचा नाहीं. सनदा, महजर व निवाडपत्रें जपावयाचीं आणि नुसते मायने लिहिलेलीं पानें बाजूस सारावयाचीं, ही वृत्ति या समजुतींतूनच येते. तिचा फटका पत्रलेखनाच्या पाठांस, म्हणजे मेस्तकांस, बसला. फिर्यादीचा कागद लिहिण्यास माणूस कसा शिकत असे, या एका प्रश्नापुरतें मेस्तकांचें परीक्षण करण्याचा येथें विचार आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा करूं. 'फिर्याद' ही फारसींतील मदतीची हाक. 'दाद' म्हणजे न्याय. 'अर्जदास्त' म्हणजे वरिष्ठापुढें ठेवलेली लेखी विनंती. 'तक्रार' हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ति असा आहे. 'तकरीर' हा याहून निराळा. त्याचा अर्थ निवेदन. मराठेशाहींतील न्यायाच्या कागदांत अग्रवादी व पश्चिमवादी असे दोघेही आपापली तकरीर लिहून देत. ती 'तक्रार' म्हणून वाचल्यास प्रतिवादीचें उत्तरहि गाऱ्हाणें ठरतें व वादाचें स्वरूपच पालटतें. मोडी वाचकानें येथें जपावें.

आतां मेस्तकांकडे वळूं. परंपरा त्यांचें कर्तृत्व यादवांचा मंत्री हेमाद्रि याजकडे देते. परंतु ज्या मेस्तकांत 'अर्जदास्त' हा शब्द मायन्यांत आला असेल, त्याचा तेवढा भाग तरी हेमाद्रीच्या काळचा मानतां येणार नाहीं. या ग्रंथांचा गुण उघड आहे. वडील, समान व कनिष्ठ असे भेद करून कोणास कोणत्या मायन्यानें लिहावें, 'विनंती विज्ञापना' कोठें व 'आज्ञा' कोठें, हें ते नेमकें सांगतात. मानाचा शब्द चुकल्यास पुढील मजकूर कोणी मनावर घेणार नाहीं, हें व्यवहारज्ञान त्यामागें आहे. दोषहि तितकाच उघड आहे. मायन्याचा विस्तार मोठा. पण 'विशेष' किंवा 'उपरि' या शब्दापुढें दुःख कोणत्या क्रमानें मांडावें, याविषयीं मार्गदर्शन थोडें. या बाबतींत गुजरातची संस्कृत 'लेखपद्धति' अधिक उपयोगी आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत ती १९२५ सालीं छापली गेली. तींत खरेदी, गहाण इत्यादि व्यवहारांचे नमुने मजकुरासह दिले असून अनेकांवर विक्रम संवत् १२८८ असा काळ घातला आहे. यावरून मिति असलेला कागदहि केवळ नमुना असूं शकतो, हा बोध संग्राहकांनीं घ्यावा.

मजकुराची शिस्त आपल्याकडे नव्हती असें मात्र नाहीं. ती धर्मशास्त्रांत व अर्थशास्त्रांत आहे. कौटिल्यानें राजशासनाच्या प्रकरणांत लेखाचे सहा गुण सांगितले: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व. लेखाच्या तेरा प्रयोजनांत त्यानें 'उपालंभ' गणला आहे व दोषांत 'पुनरुक्त'. ज्या दोषाचें नांव अरबींत 'तक्रार', तोच फिर्यादीनें टाळावयाचा! याज्ञवल्क्याच्या मतें अर्थ्याचें म्हणणें प्रतिवादीच्या समक्ष, वर्ष, मास, पक्ष, दिवस, नांव व जाति यांसह लिहून घ्यावें. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत आधीं फळ्यावर किंवा भूमीवर कच्चें लिहून, शोधून, मग पत्रावर उतरावें असा विधि आला आहे. मराठी करीन्यांतहि हेंच वळण दिसतें: हक्क कोणाचा, चालत कसा आला, अडथळा केव्हां व कोणीं केला, आणि आतां मागणें काय. 'राजव्यवहारकोशा'नें फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. पण शब्द पालटले तरी हा क्रम पालटण्याचें कारण नव्हतें.

हा प्रश्न केवळ ग्रंथांचा नाहीं. पुण्याची कसबा पेठ घ्या. मागाहून वसविलेल्या पेठांसारखी ती पेठ नव्हे. तें मूळचें कसबे पुणें. येथें कसबा गणपति, लाल महाल. येथेंच कुंभारवाडा व तांबट आळी. आणि १७३० मध्यें पाया घालून १७३२ मध्यें वास्तुशांत झालेला शनवारवाडा हाकेच्या अंतरावर. तथापि दरबार हाकेच्या अंतरावर असला म्हणून नुसती हाक पुरत नसे. तिचा कागद करावा लागे. अक्षरओळख नसलेला कारागीर लिहिणाऱ्याकडे जाई, तोंडानें सांगे व शेवटीं निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी. म्हणून फिर्यादींत दुःख एकाचें व वाक्य दुसऱ्याचें असतें. पुढें तो कागदहि पुष्कळदां नाहींसा होतो आणि अमक्यानें हुजूर येऊन विदित केलें, एवढ्या प्रस्तावनेनें तो उत्तराच्या आज्ञेंत उरतो. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केलेल्या पेशवे दप्तराच्या निवडी वाचतांना हा भेद ध्यानीं ठेवावा: तेथें आज्ञेंत भेटणारा फिर्यादी दुहेरी गाळणींतून आलेला असतो, एक लेखकाची व दुसरी दरबारच्या कारकुनाची.

अशा स्थितींत खोडलेला, मिति नसलेला, 'अमुक' या नांवाचा मसुदा हाच फिर्यादीच्या मूळ वाणीच्या अधिक जवळचा ठरण्याचा संभव असतो. काय लिहिलें यापेक्षां काय खोडलें हें तेथें पाहावें. रागाचा शब्द काढून त्या जागीं मिति घातली असेल, तर शिक्षण झालें असें समजावें.

इंग्रजी अमलानंतर 'विज्ञापने'च्या जागीं 'महोदय' व शेवटीं 'आपला विश्वासू' आले. हें दुसरें तर इंग्रजी समाप्तीचें सरळ भाषांतर होय. पण मायना पाठ व मजकूर पोरका, हा मेस्तकांचा दोष शालेय पत्रलेखनांतहि उतरला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें सामान्य माणसाच्या अर्जास उत्तर देणें बंधनकारक केलें. तेव्हां नेमकें मागण्याची विद्या आज पूर्वीपेक्षां अधिक मोलाची आहे.

संग्राहकांस विनंती एवढीच कीं, कसब्यांतील जुन्या वाड्यांचे रुमाल सोडतांना मायन्यांचीं पानें व मसुदे मूळ रुमालांतून वेगळे करूं नयेत, मग टाकून देण्याची गोष्ट दूरच. सनदेवरून कोणास काय मिळालें तें कळतें. मागणाऱ्यानें तें मागावें कसें हें कोठें शिकलें, तें या पानांवांचून कळणार नाहीं.