दुय्यम म्हणून नोंदलेली माणसं

पेणच्या गणपती कारखान्यांत साचे भरणारे आणि रंग मारणारे हात पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी मात्र मोजक्या कारागिरांकडेच जाते. आखणी बिघडली तर मूर्ती कितीही मोठी असो, तिच्यात जीव येत नाही. चरित्र अभिनेत्याचं काम मला या आखणीसारखं वाटतं. श्रेयनामावलीत त्याचं नाव खाली असतं, पण पडद्यावरचं घर किंवा कचेरी खरी वाटते ती त्याच्यामुळे.

रोह्याहून डोंगर ओलांडला की मुरूड. नाना पाटेकरांचा जन्म तिथला, १९५१चा. 'परिंदा'त (१९८९) नायक अनिल कपूर आणि जॅकी श्रॉफ; नाना म्हणजे आगीच्या भयाने पछाडलेला अण्णा. आवाज दबलेला, नजर आतून विझलेली, आणि आग दिसली की हा दांडगा माणूस पोरासारखा गळून जातो. त्या भूमिकेने त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. पुढे 'क्रांतिवीर'ने (१९९४) सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचाही दिला, पण मी अण्णाच निवडेन. 'क्रांतिवीर'मध्ये कथाच त्यांच्याभोवती फिरते, ठसक्यातली भाषणं येतात, आणि पात्राआधी नाना दिसतात.

हेच नाना जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) छोट्या भूमिकेत आहेत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेली ही पटकथा. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, श्रीराम लागूंचा अर्थमंत्री, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी, निळू फुल्यांचा पत्रकार दिगू: यात नायक कोण, हे ठरवणंच कठीण. गावच्या पाटलाचा दरारा सहज उभा करणारे निळूभाऊ इथे बहुतेक वेळ नुसते ऐकत, पाहत असतात, आणि शेवटी त्या ऐकण्याच्याच ओझ्याखाली कोलमडतात. असा चित्रपट जमला, कारण त्यातली बहुतेक माणसं नाटकाच्या तालमीतून आली होती. समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घ्यायची सवय त्यांच्या अंगात होती.

ती सवय आज कुठे लागणार? पेण-रोह्याच्या बाजूला देवाच्या उत्सवाला हौशी मंडळी अजून नाटक बसवतात. दिवसभर नोकरी-शेती करून आलेला माणूस चार वाक्यांच्या हवालदारासाठी रात्री-रात्री तालमीला उभा राहतो. दैनंदिन मालिकेत मुरलेल्या नटालाही तेवढी उसंत नसते. प्रवेशाची पानं ऐन वेळी हातात पडतात, आणि सासू, मामा, घरगडी यांना एकेक लकब चिकटवून वर्षानुवर्षं तीच वाजवली जाते. दोष नटांचा नाही. इतक्या घाईत आखणी होत नाही.

तरीही चांगलं काम होतं आहे, हे ठासून सांगायला हवं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला (२०१३) किशोर कदमांचा कचरू पाहा. गावापुढे वाकून वाकून पाठीला जणू तोच आकार आलाय, आणि गावावर काढता न येणारा राग तो पोटच्या पोरावर काढतो. त्याच घरातली आई छाया कदम. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये (२०२४) त्या पार्वती झाल्या. मुंबईच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी, कागदपत्रं नाहीत म्हणून राहत्या खोलीतून हुसकली जाणारी, अखेर कोकणात परतणारी विधवा. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेच्या डब्यात ही बाई आपल्याला हमखास भेटते. चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला, पण मला आठवते ती रात्रीची एक घटना: बिल्डरच्या झगमगीत जाहिरातफलकासमोर पार्वती उभी राहते, दगड उचलते आणि भिरकावते. ना भाषण, ना रडणं. मैत्रिणीसोबत खुदकन हसते फक्त.